हाकेला ओ

आज मंदिर बंद आहे, असं त्या माणसानं अगदी हळहळून सांगितलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, काखेत छत्री. आत मोठी पूजा चालू आहे, दुपारनंतर उघडेल, तोवर दुसरी मंदिरं दाखवतो, ओळखीची रिक्षा आहे, पैसे नावापुरतेच. हे सगळं तो इंग्रजीत बोलत होता आणि त्याच्या पाठीमागच्या दारातून माणसं खुशाल आत जात होती.

बंटीचा चेहरा खुलला. पाठ केलेलाच प्रश्न पेपरात यावा, तसं त्याला झालं. बँकॉकला येण्याआधी महिनाभर तो फोनवर हेच बघत होता, परदेशात प्रवाशांना कसं गंडवतात आणि आपण कसं सावध राहावं. त्यानं मान ताठ केली, नजर समोर लावली आणि तिथं कोणी उभंच नाही अशा थाटात तो चालू लागला. थोडं पुढं जाऊन वळून पाहतो, तर आई मागंच.

"नाई दादा," कुसुमबाई त्या माणसाला समजावत होत्या, "आमाले आतच जायचं हाय. तुमी दुसरं गिऱ्हाईक पाहा. आमच्या मागं टाइम कायले खराब करता?"

त्याला यातलं अक्षर कळलं नसणार, पण सूर कळला असावा. त्यानं हात जोडले, हसला आणि पुढच्या गोऱ्या जोडप्याकडे पुन्हा हळहळत निघाला.

बंटी वैतागला. पाहायचं नाही, बोलायचं नाही, वस्तूला हात लावायचा नाही, हे तीन नियम त्यानं आईला नागपूरच्या विमानतळापासून शिकवले होते. कुसुमबाईंना तिन्ही पाठ होते आणि पाळता एकही येत नव्हता.

"अरे, तो माणूस बोलून राहिला होता ना माह्याशी," त्या म्हणाल्या. "मंग वापस बोलाव नाई का?"

खरं सांगायचं तर कुसुमबाईंना ही मागं लागणारी मंडळी फार आवडली होती. उभा जन्म त्या स्वतः गिऱ्हाइकाच्या मागं लागल्या होत्या. चिचगडच्या आठवडी बाजारात चिंचेखाली चटई टाकून सुकी मासळी विकायची, झिंगे, बोंबील, तलावातल्या वाळवलेल्या मासोळ्या. नवरा गेला तेव्हा बंटी जेमतेम चालायला लागला होता, तेव्हापासून हाच धंदा. आता या वयात परक्या मुलखात कोणीतरी त्यांच्या मागं धावत होतं. पंखेवाली धावली, माळावाला धावला, हत्तीच्या चित्रांचे पायजमे विकणाऱ्या पोरीनं तर एक पायजमा त्यांच्या पांढऱ्या साडीवरून कमरेला लावून मापही पाहिलं. कुसुमबाई प्रत्येकाला थांबून, हसून, नाही म्हणत होत्या आणि वरातीतल्या करवलीच्या तोऱ्यात पुढं जात होत्या.

बाजारानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती. गिऱ्हाइकानं नाही म्हटलं, घासाघीस केली, मालाला नावं ठेवली, तरी काही बिघडत नाही, तो त्याचा हक्कच आहे. पण हाक ऐकून जो दगडासारखा निघून जातो, त्याचं मात्र जिव्हारी लागतं. म्हणून कोणीही हाक मारली की त्या ओ द्यायच्या.

आणि त्यांच्या हाकेला ओ न देता एकदा त्यांचा बंटीच निघून गेला होता.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. बंटी, म्हणजे कागदोपत्री अश्विन, देवरीच्या एका शाळेत लिपिक. मुख्याध्यापक लीलाधर सर आणि दोन शिक्षकांबरोबर तो शाळेच्या कामानं चिचगडला आला होता आणि चौघं बाजारातून चालले होते. त्याला अवचित पाहून कुसुमबाईंना आनंद झाला आणि चटईवरूनच त्यांनी "बंटी, ओ बंटी" अशी हाक मारली. बंटीची मान ताठ झाली. तो समोर बघत गेला. सरांनी नाकाला रुमाल लावला होता.

पुढं आठवड्याभरानं बंटीनं विषय काढला. आता बस झाला धंदा, शाळेत मला मान आहे, लोक बोलतात, आणि तुला कशाची कमी आहे? तू बाजार सोड, मी तुला थायलंडचे बुद्ध दाखवून आणतो. कुसुमबाई हो म्हणाल्या. परत गेल्यावर चिंचेखालची जागा शेजारच्या दुर्गेश्वरीला द्यायची, हे ठरूनही गेलं. त्या बाजाराला कंटाळल्या होत्या अशातला भाग नाही. पोराला पुन्हा कधी तशी मान ताठ करावी लागू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. आणि ती जागा सोडवत नव्हती, ते त्या कोणाला सांगत नव्हत्या.

गंमत अशी, की या सहलीत लीलाधर सर आणि त्यांच्या पत्नी नूतन मॅडमही होत्या. बंटी विमानतळापासून सरांची बॅग उचलत होता, आणि आज ती दोघं मंदिरात पुढं गेली होती.

मंदिरात पहुडलेले बुद्ध पाहून कुसुमबाई सगळं विसरल्या. केवढे ते पाय आणि केवढं ते शांत हसू. त्यांनी पायांपाशी बसून वंदना म्हटली, डोळे पुसले आणि बाहेर आल्यावर बंटीच्या पाठीवरून हात फिरवला. तू मला इथं आणलंस, बाबू, माझं सोनं झालं, असं त्या म्हणाल्या आणि ते अगदी खरं होतं.

बाहेर सावलीत बाकावर एक म्हातारा गृहस्थ बसला होता. त्यानं कोणाला हाक मारली नाही, काही विकायला काढलं नाही. भारतातून का, एवढंच विचारलं. आपण निवृत्त शिक्षक असल्याचं तो म्हणाला, तसे सर आणि बंटी विरघळलेच. एवढ्या लांब आपल्याच खात्यातला माणूस भेटला होता. शाळांच्या, पोरांच्या गप्पा झाल्या. उठता उठता त्यानं सहज सांगितलं, सरकारी जवाहिराच्या दुकानात आज स्वस्त विक्रीचा शेवटचा दिवस आहे, मी सुनेसाठी कालच घेतलं. रिक्षाही जवळच उभी होती. बंटीनं फोनवर जे जे पाहिलं होतं, त्यात शिक्षक कुठंच नव्हता. कुसुमबाईंनाही म्हातारा फार आवडला. त्यांनी त्याला बटव्यातली सुपारी दिली.

"माहे गुडघे दुखून राहिले. तुमीच जा," त्या म्हणाल्या.

इथून हलू नको, कोणाशी बोलू नको, असं बजावून बंटी सर आणि मॅडमबरोबर रिक्षात बसला.

कुसुमबाई हलल्या नसत्या. पण वारा नदीकडून आला आणि त्यांच्या ओळखीचा वास घेऊन आला. झिंग्यांचा. त्या उठल्या आणि रस्ता ओलांडून गल्लीत शिरल्या, तर दोन्ही बाजूंना सुक्या मासळीची दुकानंच दुकानं. ढीग लावलेले झिंगे, टांगलेले मासे, दोरीला लावलेले चपटे, पंख्यासारखे काहीतरी. एका एप्रनवाल्या जाड बाईनं हाक मारली. कुसुमबाईंनी ओ दिली.

मग दोघींचं जे काही चाललं, ते पाहण्यासारखं होतं. एकीची थाई, दुसरीची झाडीबोली. कुसुमबाईंनी झिंगा मोडून त्याचा कडकपणा पाहिला आणि पसंतीची मान हलवली. बाईनं त्यांना चाखायला चपट्यातला तुकडा दिला. कुसुमबाईंनी लहानशी पुडी घेतली आणि नोट पुढं केली. बाईनं ती नोट घेऊन सगळ्या मालावरून फटफट फिरवली.

"बोहनी?" कुसुमबाईंनी हरखून विचारलं. त्याही पहिल्या विक्रीची नोट अशीच टोपल्यांना लावत. बाईला शब्द कळला नाही, पण ती हसली, लाकडी स्टुलावर दोनदा थाप मारली आणि सुटे आणायला मागच्या बाजूला गेली.

आता, चिचगडच्या बाजारात उठता उठता शेजारणीकडे पाहून आपल्या चटईवर थाप मारली, की तिचा एकच अर्थ होतो. मी येते, तोवर माझं दुकान बघ. याला कोणी नाही म्हणत नाही. बाईला बापडीला, बसा मावशी, इतकंच म्हणायचं होतं. पण कुसुमबाईंनी पदर खोचला, स्टुलावर बसल्या आणि एका अनोळखी बाईचं दुकान सांभाळू लागल्या. समोरून लोक चालले होते, ते हाकेवाचून तसेच जाताहेत हे त्यांना पाहवेना.

"या वो या! झिंगे घ्या! पाहून घ्या, मोडून घ्या, नाई पटलं तं नका घेऊ!"

लोक थांबले. निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली ही कुठली बाई कुठल्या भाषेत ओरडते आहे, हे पाहायला थांबले. एका उंच गोऱ्या माणसाला कुसुमबाईंनी झिंगा मोडून नाकाशी धरला. किमतीची पाटी दाखवली, पिशवी भरली, वरून रिवाजाप्रमाणे मूठभर जास्त टाकले. माल दुसऱ्याचा आहे हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. बाई सुटे घेऊन आली आणि दारातच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मग गर्दी पाहून ती पोट धरून हसली आणि कुसुमबाईंना न उठवता मागून पिशव्या देऊ लागली.

तिकडं जवाहिराच्या दुकानात बंटीचं काही खरं नव्हतं. आत गेल्यावर दार लागलं. थंड सरबत आलं, मऊ खुर्च्या आल्या, एकीमागून एक हसऱ्या मुली आल्या. त्यांचं सरबत प्यायल्यावर रिकाम्या हातानं कसं उठायचं, हे सरांनाही समजेना आणि बंटीलाही. सरांनी मॅडमसाठी निळ्या खड्याची अंगठी घेतली, बंटीनं बायकोसाठी, रीनासाठी, लॉकेट घेतलं. बाहेर येतात तर रिक्षा गायब. मॅडमनी सहलीच्या गाइडला फोन लावला. सरकारी जवाहिराचं दुकान म्हटल्यावर, असं काही नसतंच म्हणत गाइड इतका हसला, की ते फोनबाहेर ऐकू आलं. सरांनी अंगठी खिशात टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. तिघं उन्हातून पायी परत आले.

बाकावर आई नव्हती. बंटीचं काळीज हललं. एवढं मोठं शहर, आईला ना भाषा ना फोन. तो मंदिराभोवती धावला, ज्यांच्याकडे पाहायचंही नाही अशा पंखेवालीला, माळावाल्याला हातवारे करून विचारू लागला. पायजमेवाल्या पोरीनं गल्लीकडे बोट दाखवलं. सर आणि मॅडम धापा टाकत मागून आले. आणि गल्लीच्या तोंडाशी बंटीला तो आवाज ऐकू आला. लहानपणी बाजाराच्या गर्दीत हरवला की तो याच आवाजाच्या रोखानं परत यायचा.

कुसुमबाईंनी त्याला पाहिलं. आनंद झाला, नाव ओठांवर आलं आणि तेवढ्यात त्यांना शेजारी सर दिसले. रुमाल नाकाला होता. कुसुमबाईंनी नाव गिळलं, पदर पुढं ओढला आणि तोंड दुसरीकडे फिरवून कोणातरी परक्याला झिंगे दाखवू लागल्या. जा बाबा, मी तुला पाहिलंच नाही, असं त्या मनात म्हणत होत्या.

"अश्विन," सर रुमालातून म्हणाले, "त्या तुमच्या मातोश्री तर नाहीत ना?"

सवयीनं बंटीची मान ताठ होऊ लागली होती. पण आईनं तोंड का फिरवलं, हे त्याला तिथं उभ्या उभ्या लख्ख समजलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"आईच हाय, सर," तो म्हणाला. शाळेतली प्रमाण भाषा कुठल्या कुठं गेली. "चिचगडच्या बाजारात हेच विकते. आपण गेलतो तवा बी बसून होती. तिनं हाक मारली, अन् मी वळून नाई पायलं. आता मी तिले तिथून उठवणार नाई. तुमाले झिंगे घ्यायचे असन तं तिच्याकडूनच घ्या."

सरांनी रुमाल खिशात ठेवला. नूतन मॅडम केव्हाच पुढं होऊन झिंग्यांच्या ढिगापाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि मोडून पाहत होत्या.

बंटी गर्दीतून वाट काढत आईजवळ गेला. त्यानं बूट काढून बाजूला ठेवले.

"आई, सरक जरा."

कुसुमबाईंनी वर पाहिलं नाही, पाहिलं असतं तर रडू आलं असतं. त्या सरकल्या. एवढ्याशा स्टुलावर दोघं अर्धे अर्धे बसले. एप्रनवाली बाई मागून काहीतरी म्हणाली आणि हसली.

"एवढा घामाघूम काऊन रे? फसवलं का तुले कोणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"फसवलं."

"बस मंग," कुसुमबाई म्हणाल्या आणि एक पिशवी त्याच्या हातात दिली. "मॅडमले पायजे हाय. तोंड नीट उघडून धर."

बंटीनं पिशवी दोन्ही हातांनी धरली.