डबीतली गाठ

सोलापूरला दोन दिवस खरेदीला जातो, असं घरात सांगितलं तेव्हा केराबाईला वाटलं होतं, सासू चार प्रश्न विचारेल. गोजरबाईंनी एकही विचारला नाही. त्यांनी थेट यादीच सांगायला घेतली. पिठाची बारीक चाळणी, पाण्याला स्टीलची घागर, नातवाला शाळेचे बूट, मेंढरांची लोकर कातरायला नवी कातर आणि स्वतःला नऊवारी. "निळं नगं गं बाई. मागल्या खेपेला आनलंस तसलं तर मुळीच नगं." शेजारच्या दोघींनीही आपापलं सांगून घेतलं. केराबाईने सगळ्याला मान डोलावली. खरेदी हे निमित्त होतं. पण निमित्त खरं दिसायचं तर पिशव्या भरूनच मैंदर्गीला परतायला हवं होतं.

खरं कारण तळहातात मावेल अशा एका प्लास्टिकच्या डबीत होतं. गुरुवारी अक्कलकोटच्या डॉक्टरांनी तिच्या डाव्या छातीतली बोराएवढी गाठ काढली होती. घरी ती काखेतलं गळू म्हणून सांगितली गेली. डॉक्टरांनी गाठ पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात बुडवून डबी तिच्या नवऱ्याच्या, धुळाप्पाच्या हातात दिली, सोबत सोलापूरच्या तपासणी केंद्राच्या नावाने चिठ्ठी.

"एवढी तिथं पोचवा. गाठ साधी आहे का कॅन्सरची, ते यावरून कळेल. पुढचं मग ठरवू."

औषध कसलं, ते कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही. डॉक्टरांच्या टेबलापुढे धुळाप्पाचं तोंड तसंही कमीच उघडायचं. डबीवरच्या चिकटपट्टीवर निळ्या शाईत लिहिलं होतं: केराबाई, वय ४३, डावी बाजू.

केंद्र शनिवारी एक वाजेपर्यंत उघडं असतं, हे त्यांना माहीत होतं. त्या बेताने नऊची एस.टी. पकडली. अकरापर्यंत पोचायला हवं होतं. वळसंगच्या अलीकडे टायर फुटला. जादा चाक होतं, पण तेही बसकं निघालं. एप्रिलचं ऊन, बाभळीची तेवढीच सावली आणि त्या सावलीत चाळीस माणसं. पुढची गाडी यायला बारा वाजले. ती आली तीच भरून.

केराबाईच्या टाक्यांना तिसराच दिवस होता. तिला उभं राहून जाववणार नाही, हे धुळाप्पाला कळत होतं. गाडी थांबते न थांबते तोच त्याने एक खिडकी हेरली, आतल्या माणसाला उठताना पाहिलं आणि हातातली पिशवी खिडकीतून त्या सीटवर भिरकावली. जागा धरायची म्हणजे अशीच धरतात. कुणी रुमाल टाकतं, कुणी टोपी, कुणी पिशवी. वाद न होता केराबाईला बसायला मिळालं. धुळाप्पा वरच्या दांडीला धरून उभा राहिला आणि तिच्याकडे बघून हसला.

"बघ, धरली का न्हाय जागा?"

गाडी दोन-तीन मैल गेली असेल. केराबाईच्या डोळ्यांना काहीतरी झोंबायला लागलं. पुढच्या सीटवरची बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "काय सांडलं गं कुनाचं? फिनेल हाय का काय?"

केराबाईने पिशवीत हात घातला. तळ ओला होता. डबीचं झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं. तिने ते दाबून बसवलं आणि डबी कानाजवळ नेऊन हलवली. आत काही हिंदकळलं नाही.

तिने धुळाप्पाकडे पाहिलं. त्याचं हसू तेवढ्यात गेलं होतं.

केंद्रावर पोचायला दीड वाजला. शटर खाली होतं. वॉचमन जेवत होता. "सोमवारी दहाला," तो घास न थांबवता म्हणाला. धुळाप्पाने अक्कलकोटच्या दवाखान्यात फोन लावला. सर बाहेरगावी गेलेत, सोमवारी करा, असं सांगून तिकडून फोन ठेवला गेला.

मग ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले.

"एक औषध पायजे हुतं," धुळाप्पा म्हणाला. "पान्यावानी दिसतं. डोळ्याला झोंबतं."

"नाव काय?"

"नाव न्हाय म्हाईत."

"बरं, कशासाठी पाहिजे ते तरी सांगा."

शेजारी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. बायकोच्या छातीतली गाठ पिशवीत आहे, हे एवढ्या लोकांत तोंडातून काढणं धुळाप्पाच्या ताकदीबाहेरचं होतं. तो म्हणाला, "जनावराचं हाय. मांसाचा तुकडा ठिवायचाय दोन दिस."

"मग फ्रीजमध्ये ठेवा की मामा," दुकानदार हसला. गिऱ्हाइकंही हसली. त्याने उगाच म्हणून स्पिरिटची बाटली पुढे केली. "हे घेऊन जा हवं तर."

धुळाप्पाने झाकण काढून दोन थेंब तळहातावर घेतले आणि फुंकर मारली. हात कोरडा झाला. "हे तर उडून जातंय," तो केराबाईला म्हणाला. "सोमवारपतुर काय ऱ्हाईल ह्यातलं?" त्याने बाटली परत केली. केराबाईलाही ते पटलं.

मुक्काम बाळासोकडे होता. बाळासो म्हणजे धुळाप्पाचा चुलतभाऊ. मेंढरं विकून तो टॉवेलच्या कारखान्यात लागला, त्याला आठ वर्षं झाली. अक्कलकोट रोडला दोन खोल्या होत्या. त्याच्या बायकोने, नीलव्वाने, दारातच नाक मुरडलं.

"यव्वा, वयनी, कसला गं वास? कपडे घासलेटात धुतले का काय?"

"गाडीत सांडलं कुनाचं कायतरी," केराबाई म्हणाली आणि पिशवी घेऊन मागच्या मोरीकडे गेली. धुळाप्पा तिच्या मागे आला. त्याने दार लोटून घेतलं आणि डबी उघडली.

केराबाई ती गाठ पहिल्यांदाच पाहत होती. करड्या-पांढऱ्या रंगाचा, मेंढराच्या चरबीसारखा तुकडा. एका बाजूने सुकून तो डबीला चिकटला होता. बेचाळीस अंश उन्हात मांसाचं काय होतं, हे या दोघांना कुणी सांगायला नको होतं.

"कातडं कसं टिकिवतो आपन?" धुळाप्पाने विचारलं.

तिच्या मनात तेच आलं होतं. मेंढरू कापलं की कातडं आतल्या अंगाने खड्याच्या मिठाने भरायचं. व्यापारी चार दिवसांनी येवो की आठ, कातड्याचा केस हलत नाही. धुळाप्पाच्या बापाने केलं, त्याच्या आज्याने केलं. आजवर त्यांच्या घरचं एक कातडं सडलं नव्हतं.

तिने नीलव्वाकडून खडे मीठ मागून आणलं. पाय शेकायला हवंय म्हणाली. धुळाप्पाने तुकडा अलगद सोडवला. खडे टोचू नयेत म्हणून मीठ मोरीच्या दगडावर बारीक केलं, आधी अंगठ्याने सगळीकडून चोळलं, मग डबीत खाली मीठ, वर मीठ आणि मधे तो तुकडा. त्याची बोटं एवढी हळू चालताना तिने कधी पाहिली नव्हती. तिच्या अंगाचा एक भाग त्याच्या चिमटीत होता आणि तो त्याला जपत होता.

"झालं," तो म्हणाला. "आता सोमवार येऊ दे न्हाय तर मंगळवार."

रविवारी सकाळी डबीत पाणी सुटलं होतं. मीठ पाणी ओढतंच. त्याने ते ओतून टाकलं आणि नवं मीठ भरलं. वास मुळीच नव्हता. "हुंगून बघ," तो म्हणाला. तिने हुंगलं. खरंच नव्हता.

त्यानंतर दोघांना हायसं वाटलं. डबी तिच्या पिशवीत होती आणि ते नव्या पेठेत हिंडत होते. कातरीच्या दुकानात धुळाप्पाने नऊ कातरी उघडमीट करून पाहिल्या. दुकानदार दखनीत म्हणाला, "चाचा, बाल काटने के हैं या दुकान खरीदने का है?" त्यावर धुळाप्पा मोठ्याने हसला. बुटांची जोडी घेतली. घरी नेऊन बसले नाहीत तर काय, याची चिंता दुपारपर्यंत पुरली. साडीच्या दुकानात पोऱ्याने हिरवं नऊवारी उलगडून एकदम तिच्या डाव्या खांद्यावर टाकलं, तेव्हा टाक्यांतून कळ गेली. तिने साडी उजव्या खांद्यावर घेतली. घागर घेऊन परतताना ते चुकीच्या रिक्षात बसले. रिक्षा होटगी रोडकडे निघाली होती. उतरून उन्हात पाऊण तास चालावं लागलं आणि कुठेतरी कठड्याला लागून घागरीला पोचा आला.

"आईला काय सांगायचं?" धुळाप्पाने विचारलं.

"सांगा, तुमच्यासारकीच हाय. नवी असल्यापास्नं पोचलेली."

गुरुवारपासून ती पहिल्यांदाच थट्टेने बोलली होती. तिला भूकही लागली होती. मनात तिने दोन्ही उत्तरांची तयारी करून ठेवली होती. साधी निघाली तर कुणालाच काही सांगायचं नाही. कॅन्सर निघाला तर पहिल्यांदा सासूला सांगायचं, मग माहेरी, आणि मेंढरं किती ठेवायची ते पेरणीआधी ठरवायचं. दोन्ही वाटा तिने शेवटपर्यंत चालून पाहिल्या होत्या. काय ते एकदा कळू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

सोमवारी दहाला पहिला नंबर त्यांचाच होता. चिठ्ठी आणि डबी आत गेली. दहा मिनिटांनी आतून बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. डबी त्यांच्यासमोर उघडी होती.

"यात मीठ कुणी घातलं?"

धुळाप्पाने मान खाली घातली.

"दोगांनी," केराबाई म्हणाली. "औषध गाडीत सांडलं. कुजाया नको म्हनून."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला पुढे वाटलं. त्या सावकाश सांगत गेल्या, समोरच्याला समजलं की नाही ते बघत. मिठाने कातडं टिकतं, कारण कातड्याचे धागे टिकले की काम भागतं. इथे धागे पाहायचे नसतात; मांसाचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात, त्यांचा आकार पाहायचा असतो. मीठ त्या कणांतलं पाणी ओढून घेतं. ते आक्रसतात, फाटतात. त्याआधी अर्धा दिवस उन्हात औषधाशिवाय गेला होता, तेही नडलं होतं.

"मी तपासते. पण खोटी आशा दाखवत नाही. साधी का कॅन्सरची, हे यावरून खात्रीने सांगता येईल असं वाटत नाही."

"मग दुसरा तुकडा घ्या की," धुळाप्पा म्हणाला.

"गाठ सगळी यातच आलीये. डॉक्टर बाजूचा भाग काढून पाहतील. तिथं काही सापडलं तर कळलं. नाही सापडलं तर गाठ कसली होती, ते कधीच कळणार नाही. मग एक तर ती बाजू पूर्ण काढायची, नाही तर दर तीन महिन्यांनी तपासत राहायचं."

थोडं थांबून त्यांनी विचारलं, "स्पिरिट नाही मिळालं कुठे? त्यात ठेवलं असतं तरी भागलं असतं."

स्पिरिटचे थेंब घेतलेला तळहात धुळाप्पाने उलटा करून मांडीवर ठेवला.

दुपारच्या गाडीला गर्दी नव्हती. दोघांना शेजारी जागा मिळाली. वळसंग मागे पडलं. मग धुळाप्पा खिडकीकडे बघत म्हणाला, "तीन म्हैन्यानं बघायचं म्हनल्या न्हवं बाई. थांबू की. साधीच असंल ती."

"कशावरनं?"

"दुखत न्हवती तुला."

"चुलतसासूची तरी कुटं दुखत हुती? कॅन्सरनंच गेली की."

त्याने पायाजवळची घागर सरळ केली. मग म्हणाला, "कापून टाकलं आन साधीच हुती असं असलं, तर? उगंच गेलं की गं."

"उगंच गेलं का कसं, ते तरी आता कुटं कळनार हाय?"

हे तिने त्याला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण त्याला लागलं. ते तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मीठ तिनेच मागून आणलं होतं. तिने दोन वाटांची तयारी केली होती; ही तिसरी वाट तिला ठाऊकच नव्हती, आणि ती कुठे संपते हे सांगणारं आता कुणी नव्हतं. दर तीन महिन्यांनी कपडे काढून टेबलावर पडायचं. मधल्या प्रत्येक दिवशी अंघोळ करताना बोटांनी चाचपायचं. घरात खोटं बोलत राहायचं. हे किती वर्षं, तेही कुणी सांगितलं नव्हतं.

"अक्कलकोट," कंडक्टरने हाक दिली.

केराबाई उठली. आपली पिशवी तिने उजव्या हातात घेतली.

"अगं, मैंदर्गी फुडं हाय."

"म्हाईत हाय मला. डॉक्टर आले असत्याल आज."

"घरी जाऊन इचार करू. आईला इचारू."

"आत्ता न्हाय गेले तर पुन्ना न्हाय जायची मी," ती म्हणाली. "भ्या वाटंल मला. सगळी बाजू काढा म्हनून सांगनार हाय त्यास्नी."

धुळाप्पा उठला तो घागर, साडीची पिशवी आणि बूट सगळं एकदम उचलायला गेला. घागर सीटच्या दांड्यात अडकली. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ पावणं, लग्नाचं वऱ्हाड हाय का काय? आटपा की लवकर." केराबाई तोवर खाली उतरली होती. डावा हात अंगाशी धरून ती स्टँडच्या बाहेर, दवाखान्याच्या रस्त्याला लागली. मागून घागरीचा आवाज आला, धुळाप्पाने एकदा हाक मारली. ती चालतच राहिली, पण त्याला गाठता यावं एवढ्या बेताने.