पाणगिरणीचं टरफल

कुबातला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कुठल्याही गाडीचं दुखणं नुसत्या आवाजावरून कळतं. पण समोर व्याही उभे राहिले की त्याची दातखीळ बसते. आणि आमचे व्याही ओरोझाली म्हणजे असा माणूस, की 'नाही' हा शब्द त्यांना ऐकूच येत नाही. एकाला बोलता येत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही, आणि दोघांच्या मध्ये मी. कपाळ माझं!

त्या दिवशी सकाळी ते काराआलमाहून, म्हणजे त्यांच्या गावाहून, आले ते निळा धूर सोडतच. आधी धूर आमच्या फाटकात शिरला, मग गाडी. मागच्या सीटवर माझी मीरिम. नववा लागलेला, डोक्याला रुमाल, दोन्ही हात पोटाखाली. डॉक्टरला दाखवायला आणली होती. उतरल्या उतरल्या मला मिठी मारली आणि लगेच सासऱ्यांची पिशवी उचलायला वाकली. मी ती हिसकावूनच घेतली.

"बस मुकाट्याने."

ती बसली नाही. सासरे उभे असताना सून बसते होय!

जावई मॉस्कोत बांधकामावर. सासरचं गाव तिकडे डोंगरात, अक्रोडाच्या रानात, आणि रस्ता असा की चांगल्या माणसाचीही आतडी हलतात. दवाखाना मात्र आमच्या गल्लीच्या टोकाला. उन्हाळाभर माझ्या मनात एकच होतं, की पोरीने बाळंतपणाला इथे राहावं. पण ओरोझालींनी आधीच जाहीर करून टाकलं होतं, "पहिलं नातवंड आहे. सून आमच्या उंबऱ्यातूनच दवाखान्यात जाईल." आता मुलीच्या आईने तोंड उघडायचं म्हणजे त्यांच्या घराला नावं ठेवणं. म्हणजे कळा सुरू झाल्यावर माझ्या लेकीचा जीव या जुन्या जर्मन गाडीच्या भरवशावर. आणि ती तर चढ दिसला की गचके खायची.

कुबातने बॉनेट उघडलं, कान लावून ऐकलं. "काजळी धरलीय, व्याही. हवा आत जायची वाटच चोंदलीय."

"ते मलाही कळतं. म्हणून तर आलो." ओरोझालींनी डिकीतून पिठाचं पोतं काढलं. एखाद्याने लेकरू दाखवावं तसं उघडून दाखवलं. "आमच्या रानातल्या अक्रोडाचं टरफल! आमच्या पाणगिरणीत दळलेलं. तुझ्यासाठी."

काजळी काढायची कुबातची रीत सोपी आहे, पण ती अंगवळणी पडायला त्याला वर्षं लागली. वरचा भाग सोडवायचा, इंजिन हाताने फिरवून ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचे व्हॉल्व्ह पक्के मिटवायचे, बाकीच्या भोकांत फडकी कोंबायची, आणि मग कॉम्प्रेसरने टरफलाचा कणीसारखा चुरा मारायचा. सोबत व्हॅक्यूम चालू, म्हणजे गेला तो सगळा चुरा परत बाहेर. टरफल काजळी खरवडतं, पण लोखंडाला ओरखडा काढत नाही. हा चुरा तो दुकानातून आणतो, चाळलेला आणि धुतलेला.

ओरोझालींना नेमकं तेच झोंबायचं. "अख्ख्या जगाला अक्रोड आम्ही पुरवायचे, आणि आमचाच व्याही टरफल विकत आणतो! बर्फ विकत आणत नाहीस ना रे हिवाळ्यात?"

कुबात हसला. पोत्यात हात घालून चुरा बोटांत चोळला आणि त्याचं हसू मावळलं.

"छान आहे. पण जरा… जाडंभरडं वाटतंय."

"बारीक करून आणू?"

"तसं नाही."

"मग कसं?"

"चहा घेऊ या आधी," माझा शूर नवरा म्हणाला.

मी त्याला मागच्या अंगणात गाठलं. "काय आहे त्या पोत्यात?"

"दगड. गिरणीच्या दगडाला नुकतीच छिन्नीने टाकी लावलेली दिसते. टरफलाबरोबर दगडाची रेवही उतरलीय. ती आत गेली तर सिलिंडर सोलून निघेल. मग कुठल्या वळणावर गाडी बसेल, सांगता येत नाही."

"मग सांगा की त्यांना!"

"कसं सांगू? भेट म्हणून आणलंय माणसाने."

"अहो, त्या गाडीत तुमची मुलगी बसणार आहे!"

"माहीत आहे गं. ते जेवायला बसले की आपलं टरफल वापरतो. त्यांना कळणारही नाही."

पण ओरोझाली जेवायला बसायला तयार कुठे होते? त्यांनी तिवई ओढली आणि इंजिनाच्या नाकासमोर बसकण मारली. "माझं टरफल काय करामत करतं, ते मी डोळ्यांनी बघणार." कुबात एकच नट तीनदा घट्ट करून तीनदा सैल करत बसला. पोटुशी मीरिम सासऱ्यांच्या हातात चहाचे वाडगे देत अंगणात येरझाऱ्या घालत होती. मला तिघांनाही एकेक चापट मारावीशी वाटली.

व्याह्यांना उलट बोलता येत नाही, हे खरं. पण व्याह्यांची थट्टा करायचा हक्क आमच्याकडे बायकांना आहे, आणि त्यावर रागवायचा हक्क व्याह्यांना नाही. लग्नात आम्ही ओरोझालींचा कोट गादीला शिवून टाकला होता. उठले तर गादी पाठीला. तेव्हा तेही हसले होते.

मी पोत्यातून वाडगाभर चुरा घेतला आणि तांदूळ रोळतो तसा रोळायला लागले. पाणी हलवायचं, वरचं टरफल ओतायचं, पुन्हा पाणी. शेवटी तळाशी करडी रेव उरली. त्यातली चिमूटभर कणकेच्या एका गोळीत भरली आणि बोर्सोक तळायला घेतले. बाकीचे साधे. तो एक मात्र चांगला फुगवून, लोणी लावून, वेगळ्या बशीत ठेवला.

"व्याही, हा तुमचा. पहिला घास मानाचा."

त्यांनी अख्खाच तोंडात टाकला. 'कर्रर्र' असा आवाज आला की मीरिमने तोंडावर हात धरला.

"अहो विहीणबाई!" ते थुंकत उठले. "पिठात दगड! तुमच्या गावात चाळण्या मिळत नाहीत की काय?"

"पीठ माझं आहे," मी म्हणाले. "दगड तुमचा आहे. तुमच्या पोत्यातूनच रोळून काढलाय. तुमच्या दाताला सोसला नाही, तर त्या बिचाऱ्या इंजिनाला काय सोसणार?"

ते हसतील म्हणून मी वाट बघत उभी राहिले. थट्टेनंतर हसायचं असतं. निदान चिडून का होईना, शिव्या तरी घालायच्या असतात. ओरोझाली हसले नाहीत. चिडलेही नाहीत. त्यांनी तळहातावरच्या रेवेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुबात," ते हळूच म्हणाले, "मी पहिल्या दोन भोकांत हाच चुरा गावातच फुंकून आलोय."

"काय?"

"पुतण्याच्या टायरच्या पंपाने. म्हटलं, अर्धं काम करून न्यावं. तुला दाखवावं."

"व्हॉल्व्ह मिटले होते?"

"ते मिटवायचे असतात?"

कुबात पहिल्यांदाच व्याह्यांच्या अंगावर ओरडला. "बाजूला व्हा!" त्याने प्लग काढले, वायरचा छोटा कॅमेरा आत सोडला. पडद्यावर सिलिंडरची भिंत दिसली. ती आरशासारखी असायला हवी. तिच्यावर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा होत्या, मांजराने दार ओरबाडावं तशा. दुसऱ्या सिलिंडरमध्येही तेच.

याच गाडीत बसून मीरिम सकाळी घाट उतरून आली होती.

"बंद पडली असती?" ओरोझालींनी विचारलं.

"पडली असती," कुबात म्हणाला. "आज, उद्या, कधीही. इंजिन खोलावं लागेल. सामान बिश्केकहून येईल. महिना तरी धरा."

ओरोझाली पुन्हा तिवईवर बसले. मला वाटलं होतं, हा माणूस हरलेला दिसला की मला बरं वाटेल. छे! उलट जास्तच संताप आला. रानातलं सगळ्यात चांगलं टरफल निवडून, गिरणीवर रांग लावून, पोतं पाठीवर वाहून आणणाऱ्या माणसाला मेलं एक वाक्य विचारता आलं नाही, आणि माझ्या नवऱ्याला एक वाक्य सांगता आलं नाही. दोन बाप्यांच्या मानापायी माझी पोर दरीत गेली असती.

"बाबा," मीरिम सासऱ्यांना म्हणाली. त्यांच्यासमोर ती स्वतःहून कधी बोलत नाही. "चहा गार झाला. दुसरा देते."

"तू बस गं," ओरोझाली म्हणाले. "बस आधी." आणि ती खरंच बसली.

जेवण झालं. ते मान खाली घालून जेवले. मग टोपी उचलली, दारापाशी थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "विहीणबाई, आता सुनेला परत न्यायला माझ्याकडे गाडी नाही."

"नाही ना," मी म्हणाले.

"मग तिला इथेच ठेवावं लागेल. बाळ होईपर्यंत. माझा नाइलाज आहे."

"तुमचा नाइलाजच आहे, व्याही."

कुबात त्यांना बाजाराच्या नाक्यापर्यंत सोडायला निघाला, म्हणून मीही गेले. काराआलमाच्या टॅक्स्या तिथून दिवसभर सुटतात. ड्रायव्हर ओरडत होता, "काराआलमा! तीन जागा आहेत, तीन!" ओरोझाली पुढे बसले, दार ओढून घेतलं आणि समोर बघत राहिले. ड्रायव्हरने आम्हाला विचारलं, आणखी कुणी यायचंय का?

"कुणी नाही," ओरोझालींनी आतूनच सांगितलं. "मी एकटाच आहे. चल."