माईने अडवलेली गाडी

नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलाच्या तोंडाशी त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. नारळवाले, फुलवाले, कॉलेजला दांडी मारलेली पोरं, स्कूटर आडवी लावून उभे राहिलेले साहेब लोक, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक पांढरी, म्हातारी मोटार. बॉनेट उघडं, नंबरप्लेटवर झेंडूचा हार. आजारी म्हशीभोवती गाव जमावं तसे लोक तिच्या इंजिनात डोकावत होते.

"मैया ने पकड़ रखी है! किसकी मजाल जो छुड़ा ले?" पुलवाले बाबा गरजले.

गाडीत माझी धाकटी बहीण अंजनी बसली होती. बाबांनी बोट हलवलं, तिने चावी फिरवली. घर्र घर्र करून इंजिन फिरलं, पेटलं मात्र नाही. बाबांनी डोळे मिटले, लांब तोटीचा कमंडलू उचलला, ओठांतल्या ओठांत पुटपुटले आणि इंजिनाच्या पार खाली, पट्ट्याच्या बाजूला हात घालून नर्मदेचं पाणी ओतलं. भसकन वाफ आली.

"अब चला, बेटी!"

गाडी सुरू झाली. "नर्मदे हर!" एवढ्या जोरात झालं की पुलावरची कबुतरं उडाली. एका बाईने तर बंपरलाच हळदकुंकू लावलं.

बाबा खिडकीशी वाकले. "देख बहू, बेटा चलाता है तो मैया नहीं रोकती. तू चलाती है तो रोकती है. मैया तुझे पार नहीं जाने देना चाहती. अगले सोमवार इस्तीफ़ा लाकर मैया के चरणों में रख दे. फिर गाड़ी कभी बंद हो जाए तो मेरी जटा काट लेना."

जटा कापायची तयारी मी मनातल्या मनात तिथेच केली. पण अंजनीचं तोंड पाहिलं आणि थट्टा विसरले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

अंजनी पुलापलीकडच्या सरकारी शाळेत शिक्षिका. दहा वर्षं ती अधारतालहून रोज सगळं शहर ओलांडून जाते. जूनपासून तीच तिथे मुख्याध्यापिका होणार होती. महिनाभर मात्र ही गाडी तिला पुलावर रडवत होती. आणि आता घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं की दोष गाडीत नाही, सुनेत आहे. नर्मदामाईला ती पार गेलेली चालत नाही.

"ताई, मला पटत नाही गं," ती मला म्हणाली, "पण रोज तमाशा होऊन राहिला. सासूबाई जेवत नाहीत. पोरं मला शाळेत विचारतात, मॅडम, मैया आप से नाराज़ है क्या? मी देऊन टाकते राजीनामा. सुटते एकदाची."

"आणि दिवाकर काय म्हणतो?"

"ते कुठे काय म्हणतात? म्हणतात, आईच्या श्रद्धेचा प्रश्न आहे."

हे ऐकून मला नवल वाटायला हवं होतं. दिवाकर म्हणजे तिचा नवरा, पण त्याआधी तो माझा दोस्त. मी नेपियर टाउनमध्ये कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवते, तो शाळेत केमिस्ट्री. आम्ही दोघांनी मिळून शहपुऱ्यापासून कुठल्या कुठल्या बाजारगावी चमत्कारांचे प्रयोग करून दाखवले होते. तो जिभेवर कापूर जाळायचा, मी नारळातून आग काढायची. शेवटी तो लोकांना सांगायचा, "चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकच विचारा, याने कोणाचं काम झालं?" काय टाळ्या पडायच्या! या माणसाच्या हाती बहीण दिली याचा मला अभिमान होता. म्हातारी आई आहे, थकला असेल, म्हणून गप्प बसला असेल, असं मी स्वतःलाच समजावलं.

माझ्या डोक्यात किडा वळवळत होता तो वेगळाच. माईला सुनेला अडवायचंच असेल तर ती परत येताना का अडवत नाही?

"येताना कुठे थांबतो आपण?" अंजनी म्हणाली. "घरची घाई असते. चालत्या गाडीतूनच हात जोडते. जाताना मात्र पुलाशी थांबायचं, गाडी बंद करायची, नमस्कार करायचा, नाणं टाकायचं. सासूबाईंचा नेम आहे."

आमच्या जबलपुरात हे सगळेच करतात. माईसमोर इंजिन गुरगुरत ठेवणं म्हणजे थोरांसमोर पायावर पाय टाकून बसणं. गाडी पुलावर बंद पडत नव्हतीच. ती पुलावर बंद केली जात होती, आणि मग सुरू होत नव्हती. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण नर्मदे हरच्या गजरात तो कोणाला ऐकू यावा?

रविवारी भाजी आणायच्या निमित्ताने मी गाडी मागून घेतली आणि कटनीच्या रस्त्याला लागले. तिकडे नर्मदा नाही, पूल नाही, बाबा नाही. भरउन्हात गाडी चांगली तापवली, एका चहाच्या टपरीसमोर बंद केली, एक चहा प्यायले आणि चावी फिरवली. घर्र घर्र. टपरीवाल्याच्या माठातलं पाणी घेऊन बाबा ओततात तिथेच ओतलं. गाडी सुरू! माई कटनीपर्यंत कशाला येईल? घरी आणून त्याच जागच्या वायरींना क्लासातला मीटर लावला. गार असताना काटा हलला, केस वाळवायच्या यंत्राने गरम वारा सोडला तसा काटा मेला. निदान झालं. त्या जागचा नवा भाग दुकानातून आणून पर्समध्ये टाकला आणि तोंडाला कुलूप लावलं. अंजनीला फक्त एवढंच म्हटलं, "सोमवारी राजीनामा घेऊन ये. पण माझ्याआधी कोणाच्या हातात देऊ नको."

सोमवारी गर्दी दुप्पट होती. अंजनी गाडी घेऊन आली, शेजारी तिच्या सासूबाई बेबीताई, मागे दिवाकर. पुलाशी गाडी बंद केली, नमस्कार झाला, चावी फिरवली, आणि ठरल्यासारखी गाडी रुसली. बाबांनी ताट पुढे केलं. अंजनीने पर्समधून राजीनाम्याचं पाकीट काढलं.

"थांब," मी म्हटलं. "बाबाजी, आज पानी मैं डालूँगी."

"बिना सिद्धि के?"

"सिद्धि थर्मास में लाई हूँ."

लोक हसले. मी थर्मास उघडला. "हे माईचंच पाणी आहे. सकाळी याच घाटावर भरलं आणि समोरच्या चहावाल्या भैयाकडून उकळून घेतलं. बोला भैया, खरं की नाही?"

"एकदम सही, दीदी!"

"उबला जल अपवित्र होता है!" बाबा किंचाळले.

"काहून? नर्मदाजलाचा चहा पिता तेव्हा नाही वाटत अपवित्र?"

मी बाबांच्या नेमक्या जागी ते कढत पाणी ओतलं. अंजनीने चावी फिरवली. घर्र घर्र. काही नाही. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"आणि हे अधारतालच्या नळाचं पाणी. गार. याला क्लोरीनचा वास येतो, भक्तीचा नाही." मी मोठी बाटली उचलली. लोकांना हसवायला म्हणून म्हटलं, "आता पिंडीवर ओततात तसं हे वरूनच ओतते!" आणि हात उंच केला. ओतणार नव्हते, नुसती नक्कल होती.

"ताई, वर नको!" दिवाकर गर्दीतून ओरडत पुढे आला. "वर कॉइल आहे, जळेल ती! खाली टाक, सेन्सर खाली आहे!"

माझा हात तसाच वर राहिला.

सेन्सर हा शब्द मी कोणाजवळ काढला नव्हता. बहिणीजवळही नाही.

"दिवाकर," मी विचारलं, "कोणता सेन्सर?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. अंजनी गाडीतून उतरली. "तुम्हाला माहीत होतं?"

"अंजू, इथे नको. घरी बोलू."

"इथेच बोला. महिनाभर माझा तमाशा इथेच चालून राहिला ना?"

आता बाबांनी ताट खाली ठेवलं. जहाज बुडताना उंदीर आधी उतरतात, तसे ते उतरले. "देखो भैया, हमारा क्या दोष? इन्हीं साहब ने जगह दिखाई थी. बोले, यहाँ ठंडा पानी डालो, चालू हो जाएगी. हम तो सेवक आदमी हैं."

मला बाबाचा राग आला नाही, खरंच सांगते. त्याचं पोट त्यावर आहे. पण ज्याने माझ्यासोबत गावोगाव कापूर जाळला, त्याने तेच ज्ञान माझ्या बहिणीच्या गळ्याला लावलं होतं. मग एकेक गोष्ट आठवत गेली. तो गाडी चालवायचा तेव्हा पुलाशी कधी इंजिन बंद करायचा नाही. "आईला उकडतं, एसी चालू राहू दे," म्हणायचा. आम्हाला वाटायचं, किती काळजी घेतो.

"फेब्रुवारीत मेकॅनिकने सांगितलं होतं," तो अखेर पुटपुटला. "आई थकली आहे. घरी कोणीतरी पाहिजे. आता मुख्याध्यापिका झाली की ती रात्रीच घरी आली असती. मी म्हटलं असतं तर भांडली असती. माईने म्हटलं तर ऐकलं असतं."

"तुम्ही एकदा म्हणून तर बघायचं होतं," अंजनी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. तो चढला असता तर बरं झालं असतं.

बेबीताई काठी टेकत पुढे आल्या. या बाईने महिनाभर सुनेसाठी उपास केले होते. "माईच्या नावावर, दिवाकर? माझ्या माईच्या नावावर खोटं बोलून राहिला तू? आणि माझं नाव पुढे करून? मी कधी म्हटलं हिला नोकरी सोड म्हणून?"

मी पाना काढला. काम लहानच होतं. एक बोल्ट सैल केला, वायरचा खटका दाबला आणि अंगठ्याएवढा काळा तुकडा बाहेर आला. तो लोकांसमोर धरला. "ही माईची नाराजी, म्हणजे हा सेन्सर. इंजिन फिरतं आहे की नाही हे हा गाडीच्या मेंदूला सांगतो. तो मुका झाला की ठिणगी पडत नाही. हा जुना झाला आहे, याच्या आतली तार तापली की तुटते, गार झाली की जुळते. चालत्या गाडीला वारा लागतो. उभी करून बंद केली की सगळी आच आत कोंडते, गॅस बंद केल्यावर झाकलेला भात दमावर शिजतो तशी. म्हणून नमस्कारानंतर सुरू होत नव्हती. गार पाणी माठाचं चालतं, नळाचंही चालतं, आणि बाबांचंही. गरम असलं तर माईचंसुद्धा नाही."

नवा सेन्सर बसवला. मग भरउन्हात गाडी चांगली तापवली, बंद केली, आणि सगळ्यांना वाट बघायला लावली. या वेळी कोणी नर्मदे हर म्हटलं नाही. अंजनीने चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. बाबा तोवर कुठे गेले ते कोणी पाहिलं नाही. कमंडलू तेवढा राहिला होता.

बेबीताईंनी पुढचं दार उघडलं आणि सुनेशेजारी बसल्या. "चल बेटा, तुझी शाळा दाखव मला. दहा वर्षांत पाहिली नाही."

दिवाकरने मागच्या दाराला हात घातला. अंजनीने आतून खटका दाबला. राजीनाम्याचं पाकीट तिने खिडकीतून त्याच्या हातात दिलं.

"तुम्ही ऑटोने या," ती म्हणाली, आणि गाडी पुलावर नेली.

लोकहो, माईला नमस्कार जरूर करा, मीही करते. ती इतकी मोठी नदी आहे, तिला तुमच्या सुनेच्या नोकरीत नाक खुपसायला वेळ नाही. गाडी अडली तर बॉनेट उघडा, माणूस अडला तर त्याच्याशी बोला. आणि कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा, याने कोणाचं काम झालं? हा प्रश्न मला दिवाकरने शिकवला होता. तो बाबांबद्दल विचारून मी थांबले, घरात विचारायचा राहून गेला. तुम्ही घरातही विचारा.