कढईवरचा आळ

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी कुणाचाही जीव घेतलेला नाही. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. जाड बुडाची, दोन कानांची, एका बाजूला जराशी चेपलेली. या घरात वर्षानुवर्षं माझ्याकडे खुनी म्हणून पाहिलं गेलं. खुनी! ना चौकशी, ना साक्षीपुरावा, थेट शिक्षा. तेव्हा आज मी बोलणार आहे, आणि माझं बोलणं संपेपर्यंत मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

मला या घरातल्या आजोबांनी घडवलं. ते लोहार होते. मी काही दुकानात टांगण्यासाठी जन्मले नव्हते. घरात सून येणार म्हणून त्यांनी खास बसून मला ठोकून ठोकून आकार दिला. सून आली तेव्हा मला तिच्या हातात ठेवत म्हणाले, "घे पोरी. तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल. नाही टिकली तर माझं नाव बदल."

त्यांचा हात मला अजून आठवतो. मूठ वळली की बोटांच्या मुळाशी जी हाडं वर येतात ना, तिथे त्यांना टणक गाठी होत्या, वाटाण्याएवढ्या. नव्या सुनेने भीत भीत विचारलं, "दुखतात का हो?"

"छे! या घणाने दिल्यात," आजोबा छाती फुगवून म्हणाले. "कष्टाचा हात असाच असतो."

पुढे काही वर्षांतच ते भट्टीपुढे कोसळले. घण हातातच होता. डोक्यावरचा एक केस पिकलेला नव्हता. लोक म्हणाले, भट्टीची धग बाधली. झालं! भट्टीला काही तोंड नव्हतं, तिने ऐकून घेतलं.

मग घर चालवायला त्यांचा मुलगा उभा राहिला. त्याला आपण बाबा म्हणू आणि त्या सुनेला आई, कारण तोवर घरात दोन लेकरं झाली होती, थोरली ताई आणि धाकटा. बाबा कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करायचे. अंगाने काटकुळे, कामावर सायकलने जायचे, सायकलनेच यायचे. सुट्टीच्या दिवशी आईला म्हणायचे, "तू बस गं जरा, आज चूल माझी." मग फडक्याने माझे कान धरून मला उचलायचे. बटाट्याचे काप, माशाचे तुकडे, कधी नुसती कोबी परतलेली. काय ते दिवस होते! माझं बूड काळं कुळकुळीत, आतून मी आरशासारखी लख्ख. शेजारीण मला एका दिवसासाठी मागायला यायची आणि आई म्हणायची, "जीव माग, कढई मागू नकोस."

बाबांच्या मुठीवरही तशाच गाठी होत्या. तिथेच, तेवढ्याच. "बापाचा हात घेतलाय लेकाने," असं जो तो कौतुकाने म्हणायचा. बाबाही मूठ वळून पोरांना दाखवायचे, "बघा, लेथने दिल्यात." घणाने म्हणे दिल्या, लेथने म्हणे दिल्या! मला बाई रक्तामांसातलं काही कळत नाही, मी लोखंडाची. पण घण आणि लेथ ही दोन वेगळी कामं आहेत एवढं मलाही कळतं. हे कुणी विचारलंच नाही.

आणि मग तो दिवस आला. त्या दुपारी बाबांनी माशाचे तुकडे मागितले. आईने तळून दिले. जेवून ते पाळीवर गेले आणि लेथपाशीच छातीवर हात धरून खाली बसले. परत आले ते आणले म्हणून. ताई तेव्हा शाळेत होती, धाकट्याला तर नीट चालताही येत नव्हतं.

घर माणसांनी भरलं. कुणीतरी, कोण ते मला दिसलं नाही, नाहीतर जन्मभर तिचं नाव घेतलं असतं, हळूच म्हणालं, "तळलेलं फार खायचे ना?" बस्स. आईने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी शेगडीवरच होते, तळणीचं तेल अजून माझ्यातच होतं. मित्रांनो, ती नजर मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी माझी रवानगी सिंकखाली झाली. सिंकचा पाइप गळत होता, त्याखाली मला ठेवलं. लोखंडाला गळक्या पाण्याखाली! ज्या कढईसाठी ही बाई जीव द्यायला निघाली होती, त्याच कढईला तिने गंजायला ठेवलं. पुढे पाइप दुरुस्त झाला, पण मला कुणी हलवलं नाही. माझ्यात जुन्या घासण्या, भोकं पडलेली फडकी, तुटकी सांडशी कोंबली. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. पण माझ्या आगीवर आता काही शिजत नव्हतं.

त्यानंतर या घरात तळणाचं नाव काढायची सोय राहिली नाही. सगळं उकडलेलं. आई तेलाची बाटली औषधाच्या बाटलीसारखी वाकडी करायची, थेंब थेंब. लेकरांच्या मागे डोळ्यांत तेल घालून असायची. हो, तेल फक्त डोळ्यांतच! बाबांची बहीण, म्हणजे पोरांची आत्या, अधूनमधून यायची. ती तर वाऱ्याने उडेल अशी, जेमतेम चार घास खाणारी. तीसुद्धा चाळिशी ओलांडायच्या आत तशीच गेली, उभ्या उभ्या. तेव्हा म्हणाले, भावाची हाय खाल्ली. बघा कसं आहे ते. एकाला भट्टीने नेलं, एकीला हाय लागली, आणि मधल्याचं खापर माझ्या डोक्यावर. तिघं एकाच घरची, एकाच रक्ताची, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही.

वर्षं गेली. ताई मोठी झाली आणि तरणतलावावर पोहायला शिकवू लागली. अंग कसं सळसळतं! पहाटे उठून पाण्यात, संध्याकाळी पुन्हा पाण्यात. लग्न झालं, मुलगी झाली. नवऱ्याची नोकरी फिरतीची, म्हणून ती लेकीला घेऊन आईजवळच राहायची. लेकीला सगळे चिमणी म्हणतात. धाकटा मात्र बेकरीत लागला आणि बेकरीसारखाच फुगला. घरी उकडलेलं जेवायचा आणि बाहेर जाऊन त्याची भरपाई करायचा.

एके दिवशी तरणतलावावर सगळ्यांची तपासणी झाली. ताई घरी आली ती धुमसतच. सिंकपाशी उभी राहून तिने नळ सोडला आणि नुसतीच पाण्याकडे बघत राहिली.

"काय गं, काय झालं?" आईने विचारलं.

"कोलेस्टेरॉल निघालंय. असायला हवं त्याच्या दुप्पट. सगळे हसले मला. म्हणे, आम्हाला पोहायला लावतेस आणि स्वतः चोरून काय हाणतेस?"

वाटलं होतं, आई लेकीच्या बाजूने उभी राहील. पण ती काय म्हणाली? "खरं सांग. बाहेर काय खातेस?"

"आई!"

"कुठे खातेस ते सांग. मी रागावणार नाही."

"अगं, मी बाहेरचा बिस्किटाचा तुकडाही खात नाही! कुठल्या देवाची शपथ घेऊ सांग!"

मला असा संताप आला म्हणून सांगू! आत्तापर्यंत मी एकटीच आरोपी होते, आता पोरीलाही माझ्या शेजारी उभं केलं. आईने उरलासुरला तेलाचा थेंबही बंद केला. दूध गेलं, अंड्याचा पिवळा भाग गेला, लोणी तर कधीचंच गेलेलं. ताई निमूटपणे गिळत राहिली आणि आधीपेक्षा जास्त पोहत राहिली. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जवळजवळ तिथल्या तिथेच.

"म्हणजे तू माझ्याशी खोटं बोलतेस," आई म्हणाली.

ताईने ताट सरकवलं. "चल माझ्याबरोबर डॉक्टरांकडे. त्यांच्यासमोरच काय ते विचार."

"येते ना! चांगलं झापायला सांगते तुला."

दोघी गेल्या. परत आल्या तेव्हा धाकटा चिमणीला सांभाळत स्वयंपाकघरात बसला होता. आई खुर्चीत मटकन बसली. बोलली ती ताईच.

"डॉक्टरबाईंनी आधी माझा हात हातात घेतला. मूठ वळायला लावली. म्हणाल्या, या गाठी कधीपासून?"

मी सिंकखाली ताठ झाले. गाठी? ताईच्या हाताला? तिला माझा कान कधी धरूच दिला नव्हता ना, मला कसं कळणार!

"आईने लगेच सांगितलं, आमच्या घरच्या हातांना असतातच, कष्टाच्या खुणा आहेत. तर बाई म्हणाल्या, या काय काम करतात? म्हटलं, पोहायला शिकवते. म्हणाल्या, मग हातोडा कुठे मारला तुम्ही? पाण्यावर?"

धाकटा हसला, मग त्याला कळलं की कुणीच हसत नाहीये.

"त्या गाठी म्हणजे चरबी आहे. बोटं ओढणाऱ्या कंडरांवर, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्यांवर साठलेली. आपल्या रक्तातच ते आहे, जन्मापासून. कितीही पथ्य केलं, कितीही पोहलं तरी शरीर ती चरबी बाहेर टाकत नाही. बाबांना तेच होतं. आजोबांना तेच, आणि आत्यालाही तेच असणार. जपून खायचं, व्यायाम करायचा, ते चांगलंच आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. गोळी घ्यावी लागेल, कायमची. आणि म्हणाल्या, धाकट्याचं रक्त तपासा. चिमणीचंही."

"चिमणीचं नाही," आई पहिल्यांदाच बोलली. "एवढ्याशा पोरीला सुई टोचायची नाही. तिला मी सांभाळते. तिच्या पोटात तेलाचा थेंब जात नाही."

"माझ्याही जात नव्हता, आई."

"कुणी काहीही सांगो. रक्तात म्हणे! तुझे बाबा तळलेलं खाऊन गेले. मला माहीत आहे ना!"

"तुला काय माहीत आहे?"

आईचा आवाज फाटला. "मी तळलं होतं गं! त्या दुपारी. ते नको म्हणाले असते तर... ते मागत होते आणि मी हसत हसत तळून वाढलं. माझ्या हाताने."

ताई खाली वाकली आणि आईच्या गुडघ्यांवर हात ठेवून बसली.

"आई, तू नाही मारलंस त्यांना. ऐकतेस का? दोन माशाच्या तुकड्यांनी माणूस मरत नाही. मी इतकी वर्षं उकडलेलं खाल्लं, तरी माझा हात बघ. तू काही केलेलं नाहीस. पण आत्ता चिमणीचं रक्त तपासू दिलं नाहीस, तर मात्र काहीतरी करशील."

आई रडली. इतक्या वर्षांचं रडली. आणि मित्रांनो, खरं सांगते, माझा राग तेव्हा कुठे जरा निवला. मला वाटत होतं, ती माझ्यावर आळ घेतेय. पण ती रोज सिंकपाशी उभी राहून, माझ्याकडे पाठ करून, स्वतःवरच आळ घेत होती. यात फसवलं कुणी? ज्याने "कष्टाच्या खुणा" म्हणून टाळ्या वाजवल्या त्याने. जिने गर्दीत हळूच "तळलेलं फार खायचे" म्हटलं तिने. आणि घरात ऐन तारुण्यात माणसं जात असताना, प्रत्येकासाठी वेगळं निमित्त शोधून देणाऱ्या सगळ्यांनी. माझा राग आता त्यांच्यावर आहे, आणि तो सहजासहजी जायचा नाही.

तपासण्या झाल्या. धाकट्याचं रक्त अगदी स्वच्छ. बेकरी रिचवून स्वच्छ! ताई त्याला म्हणाली, "तुला बघून मला असं वाटतंय ना, की पाण्यात बुडवावं." पण बोलताना तिला हसू फुटलं. चिमणीत मात्र ते उतरलं होतं, ताईकडून. डॉक्टरबाईंनी सांगितलं, घाबरू नका, फार लवकर कळलंय, आता लक्ष ठेवायचं आणि वेळ आली की औषध सुरू करायचं. ताईची गोळी सुरू झाली आणि तिचा आकडा उतरू लागला. जे जिवाचं रान करून झालं नव्हतं, ते रोजच्या एका गोळीने होऊ लागलं.

मग एका सकाळी आई सिंकपुढे खाली बसली. तिने माझ्यातल्या घासण्या, फडकी काढून टाकली. मला अंगणात नेऊन राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासलं. गंज निघेना, तिचे हात लाल झाले, तरी घासत राहिली. मी मुद्दामच थोडा गंज धरून ठेवला. एवढ्या लवकर कशाला माफ करायचं?

चिमणी येऊन शेजारी बसली. तिने माझा कान धरला. इवलीशी मूठ, गुळगुळीत, एक गाठ नाही.

"आजी, ही कुणाची गं?"

"तुझ्या पणजोबांची. त्यांनी स्वतः केली, ठोकून ठोकून."

"त्यांचं अजून काय काय आहे आपल्याकडे?"

आईचे हात थांबले. तिने चिमणीची मूठ आपल्या राखेच्या हातात घेतली आणि त्या गुळगुळीत हाडांवरून अंगठा फिरवला.

"आहे," ती म्हणाली. "बस इथे. सगळं सांगते तुला."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं माणूस अवेळी गेलं असेल. कुणीतरी एखाद्या भट्टीला, एखाद्या दुःखाला, नाहीतर माझ्यासारख्या एखाद्या मुक्या भांड्याला बोल लावून मोकळं झालं असेल. तुम्ही मोठ्यांपाशी जा आणि विचारा, आजोबा कसे गेले, त्यांची भावंडं कशी गेली. विचारून गप्प बसू नका, रक्त तपासा. अंगात चपळाई आहे, ताटात हिरवी भाजी आहे, म्हणून बेफिकीर राहू नका. आणि ज्याचा आकडा वाढलाय त्याला "चोरून काय खातोस?" असं विचारायची तर हिंमतच करू नका, निदान माझ्यासमोर.

मी आता पुन्हा शेगडीवर आहे. तेल कमीच असतं, भाजी परतली जाते, माझी काही तक्रार नाही. ताई जेवणानंतर गोळी घेते. आणि चिमणी कधीकधी माझा कान धरून आईला म्हणते, "आजी, ती पणजोबांची गोष्ट परत सांग ना." आई सांगते. दरवेळी पहिल्यापासून, काही न गाळता.