चौदा सेकंदांचं कीर्तन

धावड्याच्या सप्ताहात मी अठरा वर्षं टाळ धरून उभा आहे. कीर्तनाची रीत आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक: बुवा आधी नास्तिकाचं म्हणणं त्याच्याच तोऱ्यात मांडतात, मग ते खोडतात. त्या आधीच्या मांडणीला पूर्वपक्ष म्हणतात.

सातव्या दिवशी राजानंद महाराजांनी तेच केलं. "भजन म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा!" असं गरजले, आणि पुढं पाऊण तास ते म्हणणं असं खोडून काढलं की म्हाताऱ्या तुळजाबाईंच्या डोळ्याला धार लागली.

सकाळी फोनाफोनावर चौदा सेकंद फिरत होते. तेवढंच वाक्य, खाली लाल अक्षरांत 'महाराजांचं खरं रूप'. टाकणारा सुमित, पंचायत समितीच्या उमेदवाराचा प्रचार सांभाळणारा. महाराजांनी कीर्तनात उमेदवाराचं नाव घ्यायला नकार दिला होता, त्याची ही फेड.

सप्ताहाचे अध्यक्ष भारतराव म्हणाले, "काल्याचं कीर्तन दुसऱ्या बुवाला देऊ."

"तुम्ही तर काल पुढंच बसले होते ना?" मी विचारलं.

"मी ऐकलं हो बराबर! पण लोक फोनवर पाहून राह्यले. अन् मंडप, पंगत, स्पीकर, समदं उमेदवार साहेबांचं हाय."

"मंग विठोबा बी त्यांनीच आणून बसवला का?"

अंगाची लाही झाली. खोटं बोलणाऱ्याला निदान खोटं रचावं तरी लागतं. यांनी खऱ्याचंच मुंडकं छाटून मिरवलं. आणि रात्री माना डोलावणारे सकाळी त्या चौदा सेकंदांनाही माना डोलावत होते!

दहाला भोकरदनचे बुवा उभे राहिले. मी गळ्यातले टाळ काढून खाली ठेवले. बाराही टाळकऱ्यांनी ठेवले. श्रीपतीनं मृदंगावर फडकं टाकलं.

"हे काय लावलंय?" भारतराव धावत आले.

"काल ऐकलं ते माइकवर सांगा, मंग उचलतो."

"येडे झाले का? साहेब समोर बसलेत."

"म्हणूनच तर!"

ते माइकपाशी गेले अन् नुसता माइकच ठोकत राहिले. बायकांतून तुळजाबाई ओरडल्या, "बोल की रे भारत! घरी तर लई बोलतोस!"

मंडप हसला. भारतराव घाम पुसत म्हणाले, "महाराज तसं म्हणले न्हाईत. त्यांनी ते खोडलं. मी पुढंच होतो."

साहेब ताडकन उठून गेले. त्यांच्या माणसानं स्पीकरची वायर उपटली. भारतरावांचं ते वाक्य सुमितनं काही कुठं टाकलं नाही.

महाराज मारुतीच्या पायरीवर पिशवी घेऊन बसले होते. भोकरदनच्या बुवांनी त्यांना हाताला धरून आणलं, स्वतःच्या गळ्यातला हार घातला. आम्ही टाळ उचलले. काल्याचं कीर्तन बिनस्पीकरचं सुरू झालं. मागच्यांना ऐकू येईना, तेव्हा ते उठले अन् पुढं येऊन दाटीनं बसले.