छापील पुरावा

लीड्समधल्या शब्दकोशाच्या कार्यालयात त्या हिवाळ्यात ऑटिलीच्या वाट्याला ‘टेक इन’ हे क्रियापद आले. दोन इवलेसे शब्द. पण त्यांच्या चिठ्ठ्यांनी अख्खे खोके भरले होते. सैल झगा कमरेत आत घेणे, पायरीवरची दुधाची बाटली घरात घेणे, पाहिलेले मनात मुरवणे, भोळ्या माणसाला फसवणे. प्रत्येक अर्थापाशी कुठेतरी छापलेले एक वाक्य, खाली नाव, गाव, तारीख. शेवटचा अर्थ निराधाराला आसरा देण्याचा. त्या कप्प्यात एकच चिठ्ठी होती, आणि तीही मांजराविषयी.

ऑटिलीने दुसरी चिठ्ठी स्वतःच लिहिली : ‘सग्डनबाईंनी त्या मुलीला घरात घेतले.’

“हे कुठे छापलंय?” संपादक पिकर्सगिल यांनी चष्म्यावरून विचारले.

“कुठेच नाही. पण घडलंय.”

“घडलेलं आपल्याला चालत नाही, मिस ब्रांट. छापलेलं लागतं.” चिठ्ठी परत देताना त्यांचा आवाज किंचित खाली आला. “प्रार्थनाघराच्या मासिकातलंही चालतं म्हणा. हे पान मार्चअखेर छापखान्यात जाईल.”

एकोणचाळीस साली नाझींपासून वाचवून व्हिएन्नाहून आणलेली मुले हेदरशॉ या खोऱ्यातल्या गावाच्या प्रार्थनाघरात बाकांवर बसवली होती. गोऱ्यागोमट्या, हसऱ्या मुलांना आधी घरे मिळाली. नाक गळणारी, कान ठणकत असलेली नऊ वर्षांची ऑटिली शेवटी एकटी उरली. हेटी सग्डन ही शिवणकाम करणारी विधवा मूल न्यायला आलीच नव्हती. दुरुस्त केलेले पडदे टांगायला आली होती. पडदे टांगून झाले, तशी तिने शिडी भिंतीला लावली, मुलीचा हात धरला आणि घरची वाट धरली.

त्याला तेवीस वर्षे झाली. आभाराचा शब्द ऑटिलीच्या ओठांवर आला, की हेटी म्हणायची, “पुरे गं! चहाचं पाणी ठेव.” त्या खोऱ्यात तोंडावर आभार मानणे म्हणजे भर रस्त्यात अंगावरचे कपडे उतरवण्यासारखे. आता हेटी एकोणऐंशीची होती. यंदाच्या थंडीने तिची छाती पोखरली होती. तो शब्द न बोलताच राहून जाईल, या धास्तीने ऑटिलीला झोप लागेना.

तिने प्रार्थनाघराच्या मासिकाला चार ओळी धाडल्या.

मार्चच्या पहिल्या शनिवारी ती हेदरशॉला पोचली, तेव्हा हेटी दारातच उभी होती, हातात मासिक.

“लाज नाही वाटली? अख्ख्या गावानं वाचलं! कसायाकडे गेले तर तो मेला टोपी काढून उभा!”

“आंटी, मला ते कामासाठी हवं होतं. कोशासाठी.”

“कोशासाठी म्हणे! आणि छापलंय कुठे, तर जुन्या कपड्यांच्या विक्रीच्या खाली नि फुटक्या बॉयलरच्या वर.” ती खोकली, खुर्चीत टेकली. “आत ये आधी. दार लाव, ऊब पळतेय.”

ऑटिली कोट न काढताच उभी राहिली. “चुकलं का माझं?”

हेटीने मासिकावर बोट आपटले. शेगडीतला कोळसा आपल्याच उजेडात विरघळत होता. “आणि ‘थोर मनाच्या’ लिहिलंस ते काय गं? पडदे टांगायला गेले होते मी. तू बाकावर फ्रॉकनं नाक पुसत होतीस. म्हटलं, हा फ्रॉक रात्रीच धुवायला हवा.”

“एवढंच?”

“एवढंच. मग फ्रॉक वाळेपर्यंत तुला कुठे धाडणार?”

ऑटिलीला हसू फुटले, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने ते लपवले नाहीत. “आंटी, तुमचे आभार,” ती म्हणाली. एवढे तीनच शब्द, जर्मन घशातून यॉर्कशरच्या स्वरात उमटलेले.

हेटीने केटलीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. पण चहाचे नाव काढले नाही. मासिक तिने ऑटिलीच्या हातात दिले.

“अक्षर बारीक आहे. तू वाच मोठ्यानं,” ती म्हणाली. “आणि घाई करू नकोस.”