भोपाळला तीन मिनिटं उशिरा

दिनकररावांनी कानांवरचे हेडफोन काढून बायकोपुढे धरले.

"ऐक. आता जोर धरलाय."

वनमालाबाईंनी ते कानांना लावले. जुन्या बाजारातून आणलेला फौजी रेडिओ, गच्चीवर ताणलेली तार, आणि आत एकच आवाज. कुठेतरी दूर वाळू सरकत राहावी तसा.

हा आवाज दर रविवारी मागच्या रविवारपेक्षा अठ्ठावीस मिनिटं आधी चढायचा. दिनकररावांना आधी गिरणीच्या यंत्रांचा संशय आला होता. पण गिरणी घड्याळावर चालते. हा तर रोज चार मिनिटं लवकर. शेवटी त्यांनी एका प्राध्यापकांना पत्र घातलं. उत्तर आलं: तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, तुमचा आवाज त्यांच्यासोबत येतो. आकाशगंगेच्या मध्याकडच्या वायूतून निघून त्याला हजारो वर्षं झाली.

"म्हणजे नुसता वायू?" वनमालाबाईंनी विचारलं.

"नुसता वायू."

माघात त्यांची लेक शामला तापाने गेली. नऊ वर्षांची होती. तेव्हापासून वनमालाबाई दाना ओली या आपल्या मोहल्ल्याबाहेर पडल्या नव्हत्या. आता राज्यं एक होणार, सरकारी दफ्तर भोपाळला हलणार. पहिल्या नोव्हेंबरला हजर राहण्याचा हुकूम दिनकररावांच्या हातात पडला होता.

"तुम्ही जा. मी हे घर सोडत नाही," त्या एवढंच म्हणाल्या होत्या.

मंगळवारी दफ्तरातली कपाटं खोक्यांत भरली गेली आणि दिनकरराव लवकर घरी आले. वनमालाबाई रेडिओपुढे बसल्या होत्या, हेडफोन लावून. घरातलं घड्याळ कधीचं बंद होतं. दिनकररावांनी मनगटाकडे पाहिलं. तीन बावन्न. आज आवाज चढायची वेळ हीच; मिनिटाचाही फरक नव्हता.

त्यांची नजर खाली गेली. बाईंनी पदराच्या टोकाचे तीन पेड केले होते, आणि बोटं सावकाश वेणी घालत होती, शामलाची घालायची तशी.

"तुला टैम कसा कळला?"

"कळतो." त्यांनी मान वळवली नाही. "अहो, भोपाळला पण येईल का?"

"येईल. भोपाळ जरा पश्चिमेला. तीन मिनिटं उशिरा येईल."

बोटं थांबली. बाईंनी वेणी सोडली, पदर सारखा केला आणि खाटेखालची ट्रंक ओढली.

"थांबू की आपण तीन मिनिटं," त्या म्हणाल्या. "रस्ता नवा आहे तिला."

दिनकरराव तार उतरवायला गच्चीवर गेले, गाठीला हात घातला, आणि तसेच उभे राहिले. खाली आवाज ओसरायची वेळ होईपर्यंत त्यांनी गाठ सोडली नाही.